कार्य प्रशिक्षणाला रुजू होण्याआधी : कोल्हापूरच्या नव्या मुलामुलींसाठी

"ताई, त्या योजनेत नाव घातलं तर पुढं परमनंट करतात काय?"

गारगोटीचा एसटी स्टँड असो, लग्नाची पंगत असो, एकदा तर दवाखान्याची रांग, हा प्रश्न मला कुठंही गाठतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून, म्हणजे कंपनीत किंवा कचेरीत ठरावीक महिने काम शिकायचं आणि त्याबद्दल महिन्याला विद्यावेतन मिळतं त्या योजनेतून, मी एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षण घेतलं, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. उत्तर आधीच देऊन टाकते : नाही करत. मुदत संपल्यावर आस्थापनेला, म्हणजे जिथं शिकता त्या कंपनीला किंवा कार्यालयाला, तुम्ही पटलात आणि तुम्हालाही तिथं राहायचं असलं, तर ते ठेवून घेऊ शकतात. पण तसं बंधन त्यांच्यावर नाही. सरकारी कार्यालयात तर ती आशाच धरू नका, तिथली भरती वेगळ्या वाटेनं होते.

यावर घरातली थोरली माणसं बिचकतात. "सरकारनं काम द्यायचं कबूल केलंय की!" असं आमचे आजोबा म्हणायचे. त्यांच्या डोक्यात रोजगार हमी असते. ती गोष्टच वेगळी. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये जो प्रयोग करून पाहिला, तो १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. 'मागेल त्याला काम' ही त्याची भाषा. कार्य प्रशिक्षणात मागितलं म्हणून मिळत नाही. आस्थापनेनं जागा काढावी लागते, तुम्ही अर्ज करायचा असतो, त्यांनी निवडायचं असतं. मिळतं तेही विद्यावेतन, मजुरी नव्हे.

खाली लिहिलंय ते ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयातल्या नियमांवर, मार्च २०२५ मध्ये झालेल्या मुदतवाढीवर आणि मी स्वतः खाल्लेल्या ठेचांवर. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरची ताजी सूचना एकदा वाचाच, कारण असे निर्णय मध्येच बदलतात.

आपण यात बसतो का?

वय १८ ते ३५. महाराष्ट्राचे अधिवासी. किमान बारावी पास. आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि महास्वयम् पोर्टलवरचा रोजगार नोंदणी क्रमांक. एवढं असलं की अर्ज करता येतो.

विद्यावेतन शिक्षणावर ठरतं. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवी आणि पदव्युत्तरला १० हजार रुपये. मुदत मुळात ६ महिन्यांची होती, ती २०२५ च्या मार्चमध्ये आणखी ५ महिन्यांनी वाढवून ११ महिने केली. एका माणसाला लाभ एकदाच मिळतो. घाईघाईनं मिळेल त्या जागेला रुजू व्हायचं आणि नंतर चांगली जागा निघाली की इकडून तिकडं उडी मारायची, हा हिशेब इथं चालत नाही.

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते शिक्षण चालू असण्याच्या नियमावर. शिक्षण सुरू असलेला उमेदवार या योजनेत बसत नाही. आता आपल्याकडं निम्मी मुलं शिवाजी विद्यापीठातून बाहेरून काही ना काही करत असतात. "बाहेरून एम. ए. आहे, ते कुठं कोणाला दिसतंय?" असं म्हणणारे सल्लागार प्रत्येक गावात भेटतील. त्यांचं ऐकू नका. हमीपत्रावर सही तुमची असते, सल्लागाराची नसते. शंका असली तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आधी विचारा आणि शक्यतो उत्तर लेखी घ्या.

अधिवासाचा दाखला, म्हणजे डोमिसाईल, आधीच काढून ठेवा. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवरून तो निघतो, पण ऐन भरतीच्या आणि अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तिथं झुंबड उडते. कागल, मुरगूड, गडहिंग्लज भागात आणखी एक गुंता असतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडून लग्न होऊन इकडं आलेल्या मुली. शाळेचे दाखले कर्नाटकचे, आधारवर पत्ता इकडचा. अशा वेळी कोणकोणते कागद लागतील ते तहसील कार्यालयात विचारून घ्यावं आणि मगच पोर्टल उघडावं, नाहीतर अर्ज अर्ध्यावर लटकतो.

नोंदणी

यात फार काही अवघड नाही. रोजगार महास्वयम् पोर्टलवर आधार आणि मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, माहिती भरायची, नोंदणी क्रमांक मिळतो. मग आपल्या जिल्ह्यातल्या जागा बघून अर्ज करायचा. अडलं तर १८०० १२० ८०४० हा टोल फ्री क्रमांक आहे.

तीनच गोष्टी सांभाळा. मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या. भावाचा, सायबर कॅफेवाल्याचा किंवा ई-सेवा केंद्रवाल्याचा नको, कारण पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच क्रमांकावर येणार. सगळ्यात वरचं शिक्षण भरताना गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र तेव्हाच जोडा. नाव मात्र आधार, गुणपत्रक आणि पासबुक तिन्हीकडं जुळतंय का बघा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पदवीवर माहेरचं राहिलं, ही गोष्ट पोरींच्या बाबतीत हमखास घडते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा.

बँकेचं खातं : इथं माझी जिरली

रुजू झाल्यावर पहिला महिना गेला, दुसरा गेला, माझ्या खात्यात दमडी नाही. माझ्यासोबतच्या दोघांचे पैसे आलेले. मी रोज कार्यालयातल्या बाबूंना विचारायची, ते रोज म्हणायचे, "हजेरी पाठवलीय, येतील." आमच्या आईनं तर ठरवूनच टाकलं की पोरीला कोणीतरी फसवलंय.

पैसे आले होते. पण ते कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या, मी विसरूनसुद्धा गेलेल्या खात्यात. ते खातं दुसऱ्या बँकेचं, वापर नसल्यामुळं निष्क्रिय झालेलं, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद, एटीएम कार्डाची मुदत संपलेली. पैसे आत बसलेले आणि मी बाहेर. पुन्हा केवायसीचे कागद द्या, अर्ज द्या, आठवड्यानं या, यात आणखी तीन आठवडे गेले.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण बँकेतला माणूससुद्धा घाईत हे सांगत नाही. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि आधारवरून येणारे सरकारी पैसे त्या खात्यात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार तुम्ही चार बँकांत केवायसीसाठी दिलेलं असू शकतं. पण थेट लाभ हस्तांतरणाचे, म्हणजे डीबीटीचे पैसे पाठवताना एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडं पोचवणाऱ्या संस्थेच्या, यादीत तुमच्या आधारसमोर ज्या एका बँकेचं नाव आहे तिकडंच ते जातात. अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे यादी बघून चालतात.

म्हणून अर्ज करायच्या आधी हे करा. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँक सीडिंगची, म्हणजे त्या यादीतल्या तुमच्या नोंदीची, स्थिती बघा. तिथं कोणत्या बँकेचं नाव दिसतंय आणि ते चालू आहे का, हे दोन्ही बघा. नाव भलतंच असलं तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" असं स्पष्ट म्हणा आणि संमतीचा अर्ज भरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर केवायसी करून पाठवतील. आठ-दहा दिवसांनी स्थिती परत तपासा. आणि मध्येच कुठल्या नव्या बँकेत खातं उघडताना पुढं केलेल्या फॉर्मवर न वाचता सही करू नका, त्यात सीडिंग बदलायची संमती असू शकते. तेवढ्यावर पैशाचा रस्ता बदलतो.

कुठं जायचं : फाउंड्री, कचेरी की आणखी कुठं?

पोर्टलवर दिसणारी प्रत्येक आस्थापना काही अटींत बसूनच तिथं आलेली असते. ती महाराष्ट्रात चालणारी हवी, स्थापन होऊन तीन वर्षं झालेली हवीत, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, जीएसटी, उद्योग आधार अशा नोंदण्या हव्यात. मुलं किती घ्यायची यालाही मर्यादा आहे. उद्योगाला मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के, सरकारी कार्यालयाला मंजूर पदांच्या ५ टक्के. म्हणजे ६० माणसांच्या मशिन शॉपला सहाच मुलं घेता येतात. कोणी "आमच्याकडं पन्नास जागा आहेत, पाचशे रुपये भरा" म्हणाला तर हा हिशेब मनातल्या मनात मांडा आणि घरचा रस्ता धरा. या योजनेत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

या अटींचा एक तोटाही आहे आणि तो मला टोचतो. हुपरीत घराच्या सोप्यात बसून चांदीचे पैंजण घडवणारं कुटुंब, सुभाषनगरातला कोल्हापुरी चपलेचा कारागीर, हे पोर्टलवर दिसणार नाहीत. हातात कला आहे, पण नोंदण्यांची फाइल नाही. तुम्हाला तेच शिकायचं असेल तर ही योजना तुमच्यासाठी नव्हे. ग्रामीण भागातली मुलं स्वतःचा धंदा काढणार असतील, तर त्यांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेकडं चौकशी करावी. आपल्या जिल्ह्यात बँक ऑफ इंडिया अग्रणी बँक असल्यामुळं ही संस्थाही तीच चालवते. राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मोफत असतं आणि काही दिवसांपासून दीडेक महिन्यापर्यंतचे वर्ग असतात.

आयटीआय झालेल्यांना मी आणखी एक गोष्ट सांगेन, भले कोणाला आवडो न आवडो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन असाल तर आधी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप मिळते का बघा. ती १९६१ च्या कायद्याखाली येते. करार नोंदवला जातो, ट्रेडची परीक्षा असते, पास झालात की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलेली आहे. कार्य प्रशिक्षणाच्या शेवटी मिळतं ते आस्थापनेचं प्रमाणपत्र. दोन्हींचं वजन सारखं नाही. कार्य प्रशिक्षण खरं उपयोगी पडतं ते बी. ए., बी. कॉम. करून घरी बसलेल्यांना, ज्यांच्या बायोडाटात 'अनुभव' या शब्दापुढं रिकामी ओळ असते.

आता जागा निवडायची. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या तीन ठिकाणी फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग घडवणारे कारखाने, आणि मशिन शॉप भरपूर. इचलकरंजीला यंत्रमाग आणि सूत. शहरात बँका, पतसंस्था, दवाखाने, हॉटेलं. तालुक्याला पंचायत समिती, तहसील, गावात ग्रामपंचायत.

कचेरीत बसायला पंखा आणि खुर्ची असते, म्हणून ओढा तिकडं जास्त. मीही तिकडंच गेले. पहिले दोन महिने आवक-जावक रजिस्टर आणि झेरॉक्स यापलीकडं मी काही केलं नाही. माझा मावसभाऊ शिरोलीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला लागला. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर दिला, महिन्याभरात तो कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला, ब्लो होल (हवेचं छिद्र) ओळखायला लागला. घरी येताना तोंड काळं आणि डोळे लाल, पण बोलण्यात जोर आला. आपलं कोल्हापूर म्हादबा मिस्त्रींचं, हातानं यंत्रं घडवणाऱ्या जुन्या कारागिराचं गाव. इथं हातानं शिकलेल्याला अजून किंमत आहे. फाउंड्रीत जाणार असलात तर मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग (ओतीव भागावरचा जादा धातू घासून काढणं), भट्टी, मशिन शॉप, क्वालिटी यातलं कुठं घालणार ते आधी विचारा. फेटलिंगला सहा महिने नुसतं ग्राइंडर धरायला लावत असतील, तर त्याला प्रशिक्षण म्हणायचं की स्वस्तात मिळालेला हात, ते तुमचं तुम्ही ठरवा.

हो म्हणायच्या आधी तिथं एक चक्कर मारा. गेटवरच्या वॉचमनला, चहाच्या टपरीवर बसलेल्या आधीच्या पोरांना विचारा : "हजेरी कोण भरतंय? मागच्या बॅचचे पैसे वेळेवर आले काय? शिफ्ट कशी?" साहेबांच्या केबिनमधल्या अर्ध्या तासापेक्षा टपरीवरची दहा मिनिटं जास्त सांगून जातात.

आणि जाण्यायेण्याचा खर्च कागदावर मांडा. ६ हजारांतले तीन हजार पेट्रोलला गेले तर उरलं काय? बायका-मुलींना मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळं राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याच्या मुलींचं गणित मुलांपेक्षा बरं बसतं. पण शेवटच्या एसटीची वेळ आणि सुटायची वेळ जुळते का बघा. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्यांनी तर जवळचीच जागा घ्यावी असं माझं मत आहे.

पहिला दिवस

निवडीचा आदेश, मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, फोटो. रुजू अहवालावर तारीख घालून सही करा आणि पोच घ्या. प्रशिक्षणाचे दिवस त्या तारखेपासून मोजतात, म्हणून "आज बसा, कागद पुढच्या आठवड्यात करू" याला मान डोलवू नका. तुमच्यावर देखरेख कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि हुद्दा वहीत लिहून ठेवा.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडं मुलीसुद्धा "मी येतो, मी जेवलो" म्हणतात. बदलून आलेल्या एका पुण्याच्या साहेबांना पहिल्या दिवशी मी "साहेब, मी जाऊन आलो" म्हटलं, तर ते दोन क्षण माझ्याकडं बघतच राहिले. बदलू नका बोलणं. लिहिताना मात्र प्रमाण भाषा लिहा, कचेरीत टिपणीची भाषा वेगळीच असते आणि तीही शिकण्याचाच भाग आहे.

हजेरी, सुट्टी आणि पंचगंगेचं पाणी

विद्यावेतन हजेरीवर चालतं. आस्थापना हजेरी ऑनलाइन भरते, त्यावरून पैसे थेट खात्यात येतात. एका महिन्यात दहा किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही. पहिल्याच महिन्यात सोडून गेलात तरी काही मिळत नाही. हे दोन नियम पाठच करा, कारण सगळ्यात जास्त भांडणं यांवरून होतात. "नऊ दिवस गेलो नाही, काय फरक पडला?" म्हणणारा दहाव्या दिवशी तापानं पडतो.

मस्टरवर सही रोजच्या रोज करा. त्याशिवाय स्वतःची एक शंभर पानी वही ठेवा : तारीख, आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ, दिवसभरात काय केलं त्याची एक ओळ. महिन्याच्या शेवटी हजेरी भरणाऱ्या माणसाकडं जाऊन "माझे किती दिवस भरलेत?" असं नम्रपणे विचारा. त्याच्या आणि तुमच्या आकड्यात फरक आला तर तो त्याच दिवशी मिटतो. तीन महिन्यांनी त्यालाही आठवत नाही आणि तुम्हालाही. हजेरी पाठवायचं काम ज्याच्याकडं असतं तो बिचारा इतर दहा कामांत बुडालेला असतो. त्याला दर महिन्याच्या अखेरीस आठवण करणं हे मी माझं काम समजत होते आणि कधीतरी सोबत चहाही सांगत होते.

सुट्टी हवी असली तर दोन ओळींचा अर्ज द्या. तोंडी "सरांना सांगितलंय" याला कागदाची किंमत नाही. आजारी पडलात तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

आणि पावसाळा! राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ताच बंद झाला होता. शिरोळ, करवीर, पन्हाळ्यात गावंच्या गावं तुटतात. अशा वेळी सात-आठ दिवस बघता बघता जातात आणि दहाची रेघ जवळ येते. म्हणून रस्ता बंद झाला त्याच दिवशी देखरेख करणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा. पाणी ओसरल्यावर ग्रामसेवक किंवा तलाठ्याकडून गावाचा संपर्क तुटला होता असा दाखला घेऊन अर्जाला जोडा. दाखल्यानं पैसे मिळतीलच अशी खात्री मी देत नाही. पण कागद नसला तर तुमच्या बाजूनं बोलायलासुद्धा कोणी उभं राहू शकत नाही. पूर येण्याआधीच्या महिन्यात दांड्या मारायच्या नाहीत, एवढं तर हातात आहे. म्हसोबाची जत्रा आणि मित्राची हळद दोन्ही एकाच महिन्यात बसवू नका.

इजा झाली तर

हा भाग कोणी सांगत नाही. तुम्ही प्रशिक्षणार्थी असता, कामगार नव्हे. त्यामुळं किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, कामगार नुकसानभरपाई, औद्योगिक विवाद हे कायदे या प्रशिक्षणाला लागू नाहीत, असं निर्णयातच म्हटलेलं आहे. कचेरीत याचा फारसा फरक पडत नाही. पॉवर प्रेसवर किंवा भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला मात्र पडतो.

तेव्हा दोन गोष्टी. एक, बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण मिळतं. वीस रुपयांत इथं मिसळसुद्धा येत नाही. दुसरी, बूट, गॉगल, हातमोजे दिल्याशिवाय आणि कोणी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय मशिनला हात लावू नका. "जरा चालव की, ऑपरेटर जेवायला गेलाय" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ते रागावले तरी बोटं दहाच्या दहा राहतात.

मधले महिने

दोन महिने झेरॉक्स काढून झाल्यावर मी एके दिवशी धीर करून साहेबांना म्हटलं, "मला ऑनलाइन कामाचं काहीतरी द्या." त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "मग आधी का नाही म्हणालीस?" त्या दिवसापासून मला अर्जांची ऑनलाइन नोंद, एक्सेलमधले तक्ते आणि पत्रांचे मसुदे मिळायला लागले. आज गोकुळ शिरगावात मी ज्या टेबलावर बसते ते मला त्या तक्त्यांच्या जोरावर मिळालंय. मुलाखतीत त्यांनी पदवी विचारलीच नाही, कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि गाड्यांच्या नोंदींचा एक तक्ता करायला दिला.

तेव्हा मागा. कोणी आपणहून शिकवायला मोकळं नसतं. दर महिन्याला एक नवं काम मागायचं, असं ठरवून टाका. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाहेर अर्ज टाकायला लागा, मुदत संपायची वाट बघू नका. मुदतवाढ मिळेल, आंदोलन होईल, कायम करतील, अशा चर्चा प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालू असतात. आंदोलनाला जायचं असलं तर खुशाल जा, पण अर्ज टाकूनच जा.

तक्रार असली, पैसे अडले, प्रशिक्षणाच्या नावाखाली साहेबांच्या घरचा बाजार आणायला लावला, तर आधी देखरेख करणाऱ्याला, मग कार्यालयप्रमुखाला आणि तरीही हललं नाही तर जिल्हा मार्गदर्शन केंद्राला लेखी द्या. वहीतल्या तारखा तेव्हा कामाला येतात.

शेवटचा आठवडा

प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर नाव आधारप्रमाणं, कालावधीच्या दोन्ही तारखा, विभाग आणि शिक्का आहे का ते टेबलावर उभं राहूनच वाचा. माझ्या प्रमाणपत्रावर आडनावात एक काना राहून गेला होता. सही करणारे साहेब दुसऱ्या दिवशी बदलून जायचे होते आणि त्यांची गाडी गेटातून बाहेर पडत असताना मी दुसरी प्रत घेऊन मागं धावले. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. शिक्का आत कपाटात होता, कपाटाची किल्ली शिपाईमामांच्या खिशात होती आणि मामा जेवायला गेले होते. अर्धा तास थांबले, पण शिक्का घेऊनच घरी आले.